ऑनलाइन मागवलेल्या गिटारवर बोटं दुखतात, एफ कॉर्ड वाजत नाही, परत करू की शिकत राहू?

तू लिहिलंयस की ट्यूशनच्या पैशातून साडेपाच हजाराची अकूस्टिक गिटार ऑनलाइन मागवली, येऊन चार दिवस झाले, तारा इतक्या वर आहेत की दाबल्या की बोटं कापल्यासारखी होतात, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा तो एफ कॉर्ड तर वाजतच नाही, आणि घरचे म्हणून राहिले की तुला जमत नाही तर परत कर. तू कॉलेजला आहेस म्हणून अरे-तुरे करते, ताईच समज. चार दिवसात कोणाचीच बोटं तयार होत नाहीत हे खरं, पण तू जे लिहिलंयस त्यावरून मला आधी गिटारवरच शंका येते. आणि तुझे परत करायचे दिवस अजून शिल्लक आहेत. मी ते घालवले होते, म्हणून एवढं मोठं लिहून राहिली.

माझी गिटार मे महिन्यात आली. दुपारी दोन वाजता डिलिव्हरीवाला मुलगा तोंडाला दुपट्टा बांधून दारात उभा, आणि खोका हातात घेतला तर तव्यावरून उतरवल्यासारखा गरम. लिस्टिंगमध्ये स्प्रूस टॉप, म्हणजे वरची फळी स्प्रूस लाकडाची, असं लिहिलं होतं, फोटोत सोनेरी लाकूड, सोबत बॅग, बेल्ट, कॅपो आणि तीन पिक फुकट. मी लगेच फोडला, ट्यूनर ॲप लावून सूर लावले, पहिला कॉर्ड वाजवला तर दोन तारा मुक्या आणि बाकीच्यांचा भर्रर्र आवाज. वाटलं आपल्यालाच दाबता येत नाहीये. व्हिडिओतले सर सांगायचे एफला सगळ्यांनाच त्रास होतो, प्रॅक्टिस करा, मी करत राहिले, जून गेला जुलै गेला, दिवाळीनंतर गिटार कपाटावर गेली. आई विचारायची, काहून गं, आता वाजवत नाहीस? माझ्याकडे उत्तर नसायचं, खूप वाईट वाटायचं, कारण लहानपणापासून एवढी एकच गोष्ट मला स्वतःसाठी शिकायची होती.

मग पुढच्या उन्हाळ्यात भाचा आला सुट्टीत, त्याची गिटार सहज हातात घेतली आणि एफ धरला. वाजला. सहाच्या सहा तारा. मी परत धरला, परत वाजला. तेव्हा कळलं की वर्षभर मी चुकीच्या गोष्टीला दोष देत होते.

इथे नागपुरात महाल भागात एक काका आहेत, मुख्य काम हार्मोनियमचं, पण गिटारही बघतात. त्यांनी माझी गिटार हातात घेऊन वाजवलीच नाही, आधी बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरून नेक, म्हणजे लांब दांडा, सरळ आहे का पाहिली, मग खिशातून स्टीलची पट्टी काढून बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीवर, उभी धरली. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली ३.८ मिलिमीटर. म्हणाले, बेटा, यावर शिकलेले लोकही वैतागतील. स्टीलच्या तारांच्या गिटारला तिथे साधारण अडीच मिलिमीटर असावं लागतं, आणि पहिल्या, म्हणजे सगळ्यात पातळ तारेखाली दोनच्या आसपास. तारेच्या या उंचीला ॲक्शन म्हणतात आणि हे कोणत्याच फोटोत दिसत नाही.

तर तू आज हेच कर. पट्टी अशी घे जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो, गिटार नीट ट्यून करून वाजवायला धरतो तशी धर, आणि बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे त्या धातूच्या पट्टीच्या माथ्यापासून तिच्यावरून जाणाऱ्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोज. सहाव्या तारेखाली तीनच्या पुढे आलं तर ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्याकडे बघ. त्यावरची पांढरी पट्टी, सॅडल, लाकडातून किती वर आलीय? भरपूर वर असेल तर काम सोपं, ती खालून घासून कमी करता येते, बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर कमी करायचं तर सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं. माझं तेच झालं, सहाशे रुपये गेले, २.७ वर आलं आणि दहाव्या दिवशी माझ्या स्वतःच्या गिटारवर एफ वाजला. पण सॅडल आधीच लाकडाला टेकलेली असेल आणि तरी तारा वर असतील तर नेकचा कोनच चुकलाय, त्याची दुरुस्ती तुझ्या गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते, मग विचार करू नकोस, परत कर.

एफ न वाजण्याचं अजून एक कारण वरच्या टोकाला असतं, नटच्या खाचा, म्हणजे नेकच्या टोकाच्या ज्या छोट्या पट्टीतून तारा जातात तिच्या खाचा. तार तिसऱ्या फ्रेटच्या आत दाबून ठेव आणि पहिल्या फ्रेटवर बघ, तिथे केसभरच फट हवी. ठळक दिसेल एवढी असेल तर नट उंच आहे, आणि एफ पहिल्याच फ्रेटवर धरायचा असतो म्हणून तो सगळ्यात जास्त छळतो. हे कानशीने घासायचं काम घरी करू नकोस, खाच जास्त खोल गेली की तार मोकळी वाजवली तरी भर्रर्र करते.

आता खरी परीक्षा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजव, ट्यूनरवर बघ, मग तीच तार तिथेच दाबून वाजव. दोन्ही सूर एकच यायला हवेत. ॲक्शन उंच असली तर दाबताना तार ताणली जाते आणि सूर थोडा वर जातो, तेवढं चालतं, ॲक्शन उतरली की कमी होतं. पण सगळ्याच तारा वीस-पंचवीस सेंट (ट्यूनरवर दिसणारं सुराचं बारीक माप) वर जात असतील तर ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवलाय, ती गिटार कधीच सुरात वाजणार नाही. ब्रिजच्या मागे कागद सरकतोय, नेक वळलीय, चावी फिरवूनही सूर सरकतोय, तरी परतच. नव्या तारा पहिले आठ दिवस सारख्या उतरतात मात्र, तो दोष नाही, त्यावरून भांडू नकोस.

लाकडाचं सांगायचं तर साउंड होलच्या कडेला टॉर्च मारून बघ. टॉपवरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर सॉलिड, म्हणजे एकसंध लाकूड, थर दिसत असतील तर प्लाय. माझ्यात थर होते. आवाज अजूनही थोडा पातळच आहे, ती निराशा काही गेली नाही आणि जाणारही नाही, पण वाजवता येते.

विक्रेता म्हणेल रिटर्न होत नाही, फक्त बदलून मिळेल. मापाचे फोटो काढ, पट्टी स्पष्ट दिसेल असे, भर्रर्र आवाजाचा व्हिडिओ घे, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट ठेव आणि तक्रार लेखी कर, फोनवर बोलून सोडू नकोस. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासात पोच देऊन एका महिन्यात निकाल लावायचा असतो. ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन कर. मी यातलं काहीच केलं नाही कारण मला वाटत होतं चूक माझीच आहे.

ठेवलीस तर नागपूरचं हवामान लक्षात ठेव. एप्रिल-मे मध्ये बाहेर हवा एवढी कोरडी की फ्रेट बसवलेलं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात, हात सरकवला की ओरखडा उठतो, आणि घरात कूलर लावला की त्याच खोलीत सगळी ओल. माझी कूलरच्या समोरच्या भिंतीला टांगलेली असायची, टॉप फुगून ॲक्शन वर जायची आणि मी परत परत ट्यून करत बसायची. कूलरच्या वाऱ्यातून आणि गच्चीखालच्या तापलेल्या खोलीतून हलव, बॅगेत ठेव.

आज संध्याकाळी मोज आणि इथेच लिही, सहाव्या तारेचं आणि पहिल्या तारेचं दोन्ही माप, आणि सॅडल किती वर आहे त्याचा बाजूने काढलेला फोटो टाक, रात्री बघून सांगते.