ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरपायथ्याशी नवे असाल तर आधी मण्यार ओळखा

बाकीचे साप नंतर शिका, आधी जहाल विषारी मण्यार आणि तिच्यासारखा दिसणारा बिनविषारी कवड्या. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने येतात, मानेकडे पुसट, शेपटीकडे ठळक. कवड्याचं उलट. मात्र मण्यारीच्या पिलांत पट्टे मानेपासूनच दिसू शकतात, तिथेच जाणतेही फसतात. कण्यावरचे मोठे षटकोनी खवले खात्रीची खूण, पण ते लांबून काढलेल्या फोटोतच पाहा.

नेहमीच्या चुका:
- दिवसा वेटोळ्यात डोकं खुपसून निपचित पडलेली मण्यार कवड्या समजून उचलणं.
- रात्रीचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही, म्हणून सकाळपर्यंत थांबणं. पापण्या जड होणं ही विष भिनल्याची खूण, तिची वाट पाहू नका. प्रतिविष असलेलं रुग्णालय लगेच गाठा.

जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. घरात साप दिसला तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.