क्वेकर या साधेपणावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या दफनभूमीत नावांचे दगड इतके कमी का दिसतात? इंग्लंडमधील जॉर्डन्स येथील दफनभूमीचा इतिहास काय आहे?

बकिंगहॅमशरमधील जॉर्डन्स येथे क्वेकरांनी 1671 मध्ये दफनासाठी जमीन विकत घेतली. शेजारचे विटांचे साधे प्रार्थनागृह मात्र 1688 मध्ये, क्वेकरांच्या छळाचा जोर ओसरल्यावर उभे राहिले. कोणतीही जमीन विधीने पवित्र होते हे त्यांना मान्य नव्हते, म्हणून चर्चच्या आवारात जागा मागण्यापेक्षा स्वतःची जमीन घेणे त्यांना योग्य वाटले.

मृत्यूनंतरही श्रीमंत-गरीब हा भेद उरू नये, या आग्रहातून क्वेकरांच्या 1717 च्या वार्षिक सभेने थडग्यांवरील दगड काढण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी वारलेले, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक, क्वेकर विल्यम पेन यांनाही त्यामुळे चिन्हाविनाच पुरण्यात आले, आणि मला हीच या जागेची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. 1850 मध्ये एकसारखे, साधे दगड लावण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे येथे बुटके दगड आले. पेन यांच्या दगडावर त्यांचे व दुसऱ्या पत्नी हॅना यांचे नाव आणि 1718 व 1726 ही मृत्युवर्षे एवढेच कोरले आहे. 1881 मध्ये पेन यांचे अवशेष पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया शहरात नेण्याची मागणी झाली. ती विश्वस्तांनी नाकारली.