कायदा सल्ला: अपघाती मृत्यू आणि 'सहवासाची' भरपाई

प्रश्न: माझे पती (वय 38, स्वतःचे दुकान) ट्रकच्या धडकेत गेले. मी, दोन मुले आणि सासूबाई अर्जदार होतो. अपघात दावा न्यायाधिकरणाच्या मार्च 2025 च्या निवाड्यात सहवास गमावल्याबद्दल फक्त मला 40,000 रुपये दिले आहेत. मुलांच्या 'प्रेम व माया' या मागणीचे काहीच दिले नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर: प्रेम-मायेची वेगळी रक्कम नाकारली, ते बरोबर. 2020 च्या सतिंदर कौर निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की माया ही सहवासाच्या नुकसानीतच, म्हणजे वकिलांच्या भाषेत कन्सोर्टियममध्ये, धरायची. पण ते फक्त पत्नीला देणे चूक आहे. 2018 च्या मॅग्मा निकालापासून मुलांना वडिलांच्या आणि आईवडिलांना मुलाच्या सहवासाची भरपाई मिळते, तीही प्रत्येकाला स्वतंत्र.

रकमेतही चूक आहे. 2017 च्या प्रणय सेठी निकालाने सहवासाला 40,000, अंत्यसंस्काराला 15,000 आणि संपदाहानीला (मृताच्या संपत्तीच्या नुकसानीला) 15,000 ठरवले आणि दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ सांगितली. दोन वाढींनंतर हे आकडे 48,400, 18,150 आणि 18,150 होतात. चौघांचे 1,93,600 अधिक 36,300, म्हणजे 2,29,900 रुपये. तुम्हाला तिन्ही शीर्षकांखाली जुन्या दराने 70,000 मिळाले असतील, तर फरक 1,59,900 रुपयांचा.

उच्च न्यायालयात अपिलाची मुदत निवाड्यापासून 90 दिवस आहे. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. प्रमाणित प्रतीसाठी आजच अर्ज करा. वादाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील चालत नाही. तुमची त्याहून जास्त आहे. विमा कंपनीने आधी अपील केले, तर नोटीस मिळाल्यापासून महिनाभरात त्याच अपिलात प्रतिआक्षेप, म्हणजे निवाड्याविरुद्धची आपली तक्रार, दाखल करता येतो.

मात्र केवळ या रकमेसाठी अपिलात जाऊ नका. खरा पैसा उत्पन्नाच्या हिशेबात असतो, आणि तिथली चूक लाखांत जाते. तुमच्या पतींच्या वयाला गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, 15 हवा. स्वयंरोजगार आणि 40 च्या आतले वय म्हणून भावी उत्पन्नवाढ 40 टक्के हवी. चार अवलंबितांसाठी पतींच्या वैयक्तिक खर्चाची उत्पन्नातून वजावट एक चतुर्थांश, एक तृतीयांश नव्हे. निवाड्यातले हे तीन आकडे पेन्सिलीने खूण करून वकिलांना दाखवा.

प्रश्न: मुलगा अविवाहित होता. आम्हा आईवडिलांना सहवासाची भरपाई मिळेल का?

उत्तर: हो, दोघांनाही वेगवेगळी. म्हणून अर्जात वडिलांचे नाव गाळू नका. 'ते कमावते आहेत' म्हणून ते बऱ्याचदा वगळले जाते.