अपोलो बंदर की पालवा बंदर?

प्रश्न असा आलाय: गेटवे ऑफ इंडिया आहे त्या जागेला अपोलो बंदर का म्हणतात, मराठीत पालवा बंदर लिहिलं तर चालेल का, आणि बंदर आणि धक्का यांत फरक काय.

पहिलं म्हणजे त्या ग्रीक देवाचा इथे काडीचाही संबंध नाही. मध्यंतरी एका हेरिटेज वॉकला गेलो होतो, तिथे गाईडने परत तेच सांगितलं की इथून सूर्य उगवताना दिसतो म्हणून साहेबांनी सूर्यदेव अपोलोचं नाव दिलं, आणि सगळे माना डोलावत होते. अहो, साहेबांनी मुद्दाम दिलेलं नाव होतं वेलिंग्टन पिअर, ते कोणाच्या तोंडी बसलंच नाही! कोटाच्या तीन दरवाज्यांपैकी एक अपोलो गेट होता (बाकीचे दोन चर्चगेट आणि बझारगेट), तट १८६०च्या दशकात पाडला तेव्हा तोही गेला. आणि गेटवेची कमान तर फार नंतरची, पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ला इथे उतरला तेव्हा ती नव्हतीच, उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ला. नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

चौपाटीवरचं कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन १८४३च्या जानेवारीत इथूनच प्रवासाला निघाले, आणि त्यांनी जागेचं नाव पालवा बंदर असंच लिहिलंय, वर आमचे देशबांधव त्याला अपोलो म्हणतात अशी नोंदही केलीय. म्हणजे मूळ शब्द पालवा, इतपत कोणाचाच वाद नसावा. खरी मजा पुढे आहे, पालवा म्हणजे काय?

पालवा म्हणजे मासा! आपले कोळी ज्याला पाला म्हणतात, बंगाली लोक ज्याच्यावर जीव टाकतात तो इलिश, तोच हा. समुद्रातला मासा, पण अंडी घालायला नदीत उलटा चढतो. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरी या ग्रंथात सिंधू नदीचं वर्णन आहे त्यात समुद्रातून नदीत येणाऱ्या अतिशय चविष्ट माशाचं नाव दिलंय पलवा, शेवटच्या 'वा'सकट. आणि सिंधी लोक त्याला म्हणतात पल्लो, झुलेलाल ज्या माशावर बसलेले दाखवतात तोच. आता इंग्रजांच्या जुन्या कागदांत या जागेचं नाव कसं सापडतं तर पालो! मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. मासे उतरवायची जागा म्हणून पालवा बंदर, इतकं सरळ आहे.

हॉब्सन-जॉब्सन या जुन्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाचे कर्ते यूल आणि बर्नेल मात्र म्हणतात, असा मासा आम्हाला ठाऊक नाही. मग लगेच म्हणतात की इलिश असेल कदाचित (अकबराच्या काळातला पुरावा पुढच्या आवृत्तीत विल्यम क्रुकने तिथेच जोडलाय), आणि तरी शेवटी कलकत्त्यात अपोलो नावाची एक खानावळ होती, तशीच मुंबईत असेल तर, असा तर्क! कलकत्त्याच्या खानावळीवरून मुंबईचा धक्का? मुंबईतल्या कुठल्याही कोळणीला विचारलं असतं तर काम झालं असतं. त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेली आणखी एक गोष्ट दिलीय, होळीला इथे पोळ्या भाजायचे म्हणून हे नाव. पोळी घरोघरी होते, तिच्यासाठी बंदरावर कोण जाईल? आणि पोळीच्या 'ळी'चा 'लो' कुठल्या नियमाने झाला ते कोणी सांगावं.

पाल नावाच्या जहाजावरून हे नाव आलं, हा जहाजवाल्यांचा तर्क जरा बरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. मराठा आरमारात गुराब, गलबत यांच्या जोडीला पाल नावाचं मोठं जहाज होतं हे खरंच आहे. पण मग 'वा' कुठून आला? माशाच्या नावात तो आधीपासून आहे, जहाजाच्या नावात नाही, आणि माझ्या दृष्टीने वाद तिथेच संपतो.

पालवाचं अपोलो झालं ते असंच: न कळलेला शब्द ओळखीच्या शब्दात कोंबायची सवय फार जुनी आहे, हॉब्सन-जॉब्सन हे नावच मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन'चं साहेबी रूप आहे. पण त्याच्या उलटं करून भेंडी बाजार म्हणजे 'बिहाइंड द बझार' असं ठोकून देणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. भेंडीची झाडं होती हो तिथे! मराठी शब्द समोर उभा असताना इंग्रजीत कशाला शिरायचं?

हां, बंदर आणि धक्का राहिलंच. बंदर फारसीतून आलेला शब्द, गलबतं लागायची ती सगळी जागा, म्हणून बोरीबंदर, मस्जिद बंदर, चिंच बंदर. धक्का म्हणजे बोट टेकते तो बांधलेला काठ, जसा भाऊचा धक्का. त्यामुळे घारापुरीची लाँच पकडताना तुम्ही पालवा बंदरावरच्या धक्क्यावर उभे असता. आणि पालवा बंदर बिनधास्त लिहा, फक्त कुरिअरच्या पत्त्यात अपोलो ठेवा, नाहीतर पार्सल पोचणार नाही.