टॉवरचा 'किरणोत्सर्ग' म्हणावं का?

धुळ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. कॉलनीतल्या मोबाइल टॉवरविरुद्धच्या निवेदनात त्यांनी 'किरणोत्सर्ग' लिहिलं होतं. एका निवृत्त सरांनी ते खोडून 'प्रारण' केलं. बरोबर कोण?

सर बरोबर आहेत. फोड केली तर किरणोत्सर्ग म्हणजे किरण बाहेर टाकणं, आणि त्या हिशेबानं कंदीलसुद्धा किरणोत्सर्ग करतो. पण मराठीत हा शब्द रुळला तो युरेनियम, रेडियम यांच्या अणुकेंद्रातून आपोआप होणाऱ्या उत्सर्जनासाठी. मराठी विश्वकोशातही तो त्याच अर्थानं येतो. रेडिएशनला तिथे 'प्रारण' आहे: अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारण, जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रारण. टॉवरच्या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उखडण्याइतका जोर नसतो. त्यांचा पक्का ठाऊक असलेला परिणाम म्हणजे शरीर किंचित तापणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातलं, तेव्हा शंका विचारायला जागा आहेच. मात्र ती चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताला शोभणाऱ्या शब्दात विचारली, तर मूळ मुद्दा बाजूला पडतो.

'अवरक्त'मधलं रक्त म्हणजे लाल रंग, हेही सांगून ठेवतो. पुष्कळांना तिथे अंगातलं रक्त आठवतं. १८०० साली शास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्टीत लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापी ठेवली आणि पारा चढला. पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ रिटर यांना दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पार, जंबुपार किरण सापडले. 'अतिनील'पेक्षा मला हाच शब्द आवडतो, त्यात जांभूळ आहे.

या दोन्हींचे अंगावर होणारे परिणाम आपल्या बोलीत कधीचेच आहेत. आपल्याकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. गरम हवा वर निघून जाते, तरी बाजूला बसलेल्याच्या तोंडाला जी लागते ती धग. ती अवरक्त प्रारणाची. आणि मे महिन्यात, भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असताना, केळीच्या बागेत राबणाऱ्याचा चेहरा रापतो, ते काम जंबुपार किरणांचं. धग लागली की माणूस मागे सरकतो. रापताना काहीच जाणवत नाही, म्हणून थंडीतल्या कोवळ्या वाटणाऱ्या दुपारीही कातडी रापते. हेच किरण वर्षानुवर्षं सोसले तर मोतीबिंदू आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. रुमाल, टोपी, डोक्यावरचा पदर हे नुसत्या उन्हाच्या तापासाठी नाहीत.

ताई, निवेदनात 'टॉवरच्या रेडिओलहरी' असं लिहा. सरांचा 'प्रारण' शास्त्राला धरून आहे, पण कॉलनीतल्या सगळ्यांना सही करण्याआधी वाचून कळायला हवं.