वाचक विचारतात : दवाखान्यातल्या गोळ्या का संपतात?

प्रश्न : घरापासून पाच मिनिटांवर दवाखाना आहे. आईला बीपीच्या गोळ्या मिळाल्या तर आठवड्याच्या, नाहीतर 'बाहेरून घ्या'. शेवटी ती मोठ्या इस्पितळाच्या रांगेत उभी राहते. देशाची प्राथमिक आरोग्यसेवा सुधारायची म्हणजे नेमकं काय? दवाखाने वाढवून भागेल?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : दवाखाने हवेतच. २०१३च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचं माप ५० हजार वस्तीमागे एक केंद्र असं आहे. मुंबईत २०२२पासून रात्री उशिरापर्यंत चालणारे 'आपला दवाखाना' निघाले, कामावरून परतणाऱ्यांची सोय झाली. पण तुमच्या आईचं दुखणं औषधांच्या कपाटात आहे.

समजा, एका दवाखान्याने वर्षभरात अ‍ॅम्लोडिपिन या बीपीवरच्या औषधाच्या ८१,००० गोळ्या वाटल्या आणि तीन महिने कपाट रिकामं होतं. नव्या मागणीपत्रकात 'गेल्या वर्षीचा खप' म्हणून ८१,०००च लिहिले, की पुन्हा तीन महिने खडखडाट. भागायचं ते माल होता त्या ९ महिन्यांनी. म्हणजे महिन्याला ९,०००, वर्षाला १,०८,०००. माल यायला तीन महिने लागत असतील तर तेवढ्यात २७,००० उठतात. वर महिन्याची शिल्लक म्हणून आणखी ९,००० धरा. साठा ३६,०००वर उतरला, की मागणी गेलीच पाहिजे. प्रत्यक्षात ती जाते डबा वाजायला लागल्यावर.

मग टंचाईच्या धास्तीने आठवड्याच्याच गोळ्या सुटतात. ९,००० गोळ्या म्हणजे रोज एक घेणारे ३०० रुग्ण. महिन्याच्या एकदम दिल्या तर २५ दिवसांच्या ओपीडीत रोज १२ जण. आठवड्याच्या दिल्या तर पन्नासेक. गर्दी आपणच ओढवून घेतलेली! डॉक्टरला बीपी मोजायलाही उसंत नाही. केसपेपरवर 'सीएसटी' – स्टेशन नव्हे, 'तेच उपचार चालू' – आणि पुढचा नंबर.

तमिळनाडूत १९९५पासून औषधखरेदी एकाच महामंडळाकडे आहे. जिल्ह्याच्या गोदामातून प्रत्येक केंद्र आपल्या पासबुकावर माल उचलतं. इतर राज्यांनी आधी हे उचलावं, इमारतींचे रंग मागाहून.

एक मेख उरते. कंटाळून यायचे थांबले ते रुग्ण खपात दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी वस्तीची घरवार यादी लागते. ब्राझीलने १९९४पासून डॉक्टर, नर्स आणि आरोग्यसेविकांच्या पथकाला ठरावीक घरं नेमून दिली. औषध सुटलेला माणूस सेविकेच्या फेरीत सापडतो. आपल्याकडे सेविका आहेत, पण त्यांची वही आणि ओपीडीचं रजिस्टर एकमेकांना भेटत नाहीत. दर महिन्याला दोन्ही शेजारी ठेवून, गोळ्या न्यायला न आलेल्यांची नावं सेविकेला द्यायची. एका दुपारचं काम आहे.

प्रश्न : इस्पितळाची चिठ्ठी आमच्या दवाखान्यात का चालत नाही?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : चिठ्ठी चालते, तिच्यावरची गोळी नसते. तिथे टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची जोडगोळी, म्हणजे बीपीची दोन औषधं एकाच गोळीत, लिहितात, इथे कपाटात दोन्ही सुट्या. खिडकीवरचा फार्मासिस्ट स्वतःच्या अधिकारात बदलून देऊ शकत नाही. म्हणून आधी आत डॉक्टरांकडे जा, दोन्ही औषधं त्याच मिलिग्रॅममध्ये सुटी आणि ३० दिवसांची लिहून घ्या. इस्पितळ आणि दवाखाना यांची औषधयादी एक झाली, तर हा हेलपाटाच राहणार नाही.