विकत न मिळणाऱ्या पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरवून घेतली तर ती चोरी ठरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८० च्या सुमाराची एक मराठी कादंबरी आहे. प्रकाशन बंद पडलंय, दुकानात प्रत नाही, ई-बुक कधी निघालंच नाही. टेलिग्रामच्या एका ग्रुपवर मात्र तिचा स्कॅन सहज मिळतो. पैसे घ्यायलाच कोणी नाही, तर तो उतरवून घेणं चोरी कशी?

कायद्याने ही चोरी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. एखाद्याच्या ताब्यातली जंगम वस्तू अप्रामाणिक हेतूने, त्याच्या संमतीशिवाय काढून घेण्यासाठी हलवली, तर ती चोरी. पीडीएफ उतरवल्याने कोणाच्याही ताब्यातलं काही जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ साली डाउलिंग खटल्यात, बेकायदा छापलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत, प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग आणि चोरीचा माल या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या होत्या.

पण चोरी नाही म्हणजे मोकळीक आहे, असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ नुसार कृतीची प्रत काढण्याचा हक्क मालकाचा आहे, आणि 'इलेक्ट्रॉनिक पद्धतीने साठवणं' हेही त्यातच मोडतं. म्हणजे फाइल फोनमध्ये उतरवली की प्रत झाली. पुस्तक बाजारात नसल्याने मालकाचा हक्क संपत नाही. ते पुन्हा छापायचं की नाही, हे ठरवणंही त्याच हक्कात येतं.

तरीही अनुपलब्धतेला अर्थ आहे, आणि तो कलम ५२ मध्ये आहे. खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधनासह, केलेला 'वाजवी वापर' भंग मानला जात नाही. किती पानं वाजवी, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. 'दहा टक्के चालतात' ही ऐकीव गोष्ट आहे. हेतू काय, किती भाग घेतला, मालकाच्या विक्रीवर काय परिणाम झाला, असं सगळं बघून वाजवीपणा ठरतो. विकत मिळणारं पुस्तक पूर्ण उतरवून घेतलं तर तुमची बाजू अगदी लंगडी पडते. जे वीस वर्षं कुठेच विकलं जात नाही, ते स्वतःच्या वाचनासाठी घेतलं तर ती बरीच सावरते. मूळ स्कॅनच परवानगीशिवाय केलेला असेल तर ही सूट लागू होते का, याबद्दल कलमात शब्द नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतो. माझं स्वतःचं मत असं: प्रामाणिक शोधानंतर, स्वतःपुरतं वाचायला घेतलेल्या अशा प्रतीला मी गैर म्हणणार नाही. तीच फाइल दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणं मात्र गैरच म्हणेन.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. पुढे पाठवणं हा वैयक्तिक वापर राहत नाही, तो लोकांपर्यंत पोचवणं होतो. टॉरेंटमध्ये, म्हणजे लोकांच्या यंत्रांवरून एकमेकांत फाइल घेण्याच्या पद्धतीत, तर न पाठवताही हे घडतं, कारण फाइल उतरत असताना तुमचं यंत्र मिळालेले तुकडे त्याच वेळी इतरांना देत असतं. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे, हे फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी माहीत असावं.

आणखी एक: वैयक्तिक वापराची ही सूट संगणक प्रणालींना नाही. कलमात तसं स्पष्ट वगळलंय. त्यामुळे बंद पडलेले जुने खेळ किंवा पानं जुळवण्याच्या जुन्या डीटीपी प्रणाली 'आता कुठे मिळतच नाहीत' म्हणून उतरवणाऱ्याला कलम ५२ चा हा आधार मिळत नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते. आधी पुस्तकाला अजून कॉपीराइट आहे का ते पाहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांचं त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. अत्रे १९६९ साली गेले, त्यांचं ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत बांधलेलं आहे. खांडेकरांचं २०३६ अखेरपर्यंत. दोन लेखक असतील तर नंतर गेलेल्याचं वर्ष धरायचं. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या किंवा निनावी पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. सगळ्यात जास्त चूक अनुवादात होते: मूळ ग्रंथ कितीही जुना असो, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. विद्वानाने जोडलेल्या प्रस्तावनेचं आणि टिपांचंही तसंच. तुम्ही अमेरिकेत राहत असाल तर हिशोब आणखी वेगळा. तिथे जुन्या पुस्तकाची ९५ वर्षं साधारणपणे प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे इथे मुक्त झालेलं १९४० च्या दशकातलं पुस्तक तिथे अजून संरक्षित असू शकतं.

मग ते खरंच मिळत नाही का, ते तपासा. 'ॲमेझॉनवर नाही' हे पुरेसं नाही. बुकगंगा, अप्पा बळवंत चौकातली दुकानं, रद्दीवाले आणि जुन्या पुस्तकांचे विक्रेते पाहा. जुनी छापील प्रत विकणं-घेणं पूर्ण कायदेशीर आहे. राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ आणि साहित्य आणि संस्कृती मंडळ यांनी आपलं बरंचसं साहित्य स्वतःच संकेतस्थळावर मोफत ठेवलंय. कित्येक लोक तेच ग्रंथ टेलिग्रामवर अर्धवट पानांसह शोधत बसतात, याचं वाईट वाटतं. ग्रंथालयांत ठाणे आणि मुंबईची मराठी ग्रंथसंग्रहालयं, पुणे नगर वाचन मंदिर, पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय इथे विचारा. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणी द्यायची असते, म्हणून १९५४ नंतरच्या पुस्तकाची एखादी प्रत तिथे सापडण्याची शक्यता बरी असते.

ग्रंथालयात प्रत सापडली तर ग्रंथपालांना कलम ५२ (१) (ओ) दाखवा. हे कलम नेमकं तुमच्या अडचणीसाठी लिहिल्यासारखं आहे आणि फार कमी ठिकाणी वापरलं जातं. भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. छापील प्रत ग्रंथालयाकडे असेल तर (एन) नुसार जतनासाठी डिजिटल प्रतही ठेवता येते. या प्रती ग्रंथालयाच्या आहेत, वाचकाला घरी नेऊन वाटण्यासाठी नाहीत. पण पानं सुटी झाली म्हणून कपाटात बंद केलेलं पुस्तक यामुळे पुन्हा वाचायला मिळू शकतं.

यानंतर हक्कधारकाला पत्र लिहा, आणि ते टाळू नका. मराठी पुस्तकात शीर्षकपानाच्या मागे वर्तुळातल्या सी पुढे अनेकदा लेखकाच्या पत्नीचं किंवा मुलांचं नाव असतं, प्रकाशकाचं नसतं. म्हणजे प्रकाशन बंद पडलं तरी हक्क घरच्यांकडेच असतो. प्रकाशकाला हक्क लिहून दिलेले असले तरी कलम १९ पाहा: करारात वेगळं म्हटलेलं नसेल तर दिल्यापासून वर्षभरात न वापरलेले हक्क संपुष्टात येतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. वारसांना हे पुष्कळदा ठाऊक नसतं. पत्रात पुस्तकाचं नाव, आवृत्ती, वर्ष लिहा, कुठे कुठे शोधलं ते सांगा. स्वतःसाठी एक प्रत काढू का, त्याचे किती पैसे देऊ, असं सरळ विचारा. अशी पत्रं दहा-वीस जमली की पुनर्मुद्रणाचा विचार सुरू होऊ शकतो, कारण मागणीनुसार छपाईत आता पन्नास प्रतीही काढता येतात. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफमुळे हीच मागणी कोणाला दिसत नाही.

वारस सापडलेच नाहीत आणि कोणाला पुस्तक पुन्हा छापायचं असेल, तर कलम ३१-ए खाली सक्तीचा परवाना, म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय छापण्याची परवानगी, मागता येतो. त्यासाठी आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. हा खर्च प्रकाशकाला झेपेल, एकट्या वाचकाला सहसा नाही.

वारस सापडले आणि पुस्तक सगळ्यांसाठी खुलं करायला तयार झाले, तर तोंडी होकारावर थांबू नका. त्यांच्या सहीने क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर सगळ्यांना वापराची मोकळीक देणारी लेखी परवानगी, लिहून घ्या. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर चढवायचं असेल तर त्यात 'व्यापारी वापर नाही' अशी अट चालत नाही, आणि परवानगीचा ईमेल तुमच्या नव्हे, हक्कधारकाच्या पत्त्यावरून विकिमीडियाकडे (विकिस्रोत चालवणाऱ्या संस्थेकडे) गेला पाहिजे. मुखपृष्ठ आणि आतली चित्रं वेगळ्या चित्रकाराची असतील तर त्याची परवानगीही घ्या, नाहीतर ती पानं वगळून स्कॅन करा.